जुनी सँट्रो : पावसात मिसिंग आणि अ‍ॅव्हरेज थेट ९ वर, नक्की शोधायचं कुठून?

विटावा_पार | सोमवार, रात्री ११:२०

मंडळी, गाडी सँट्रो झिंग, २००६ची, एमएच ०४, बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडे आहे. १५ वर्षं झाल्यावर रीतसर पुन्हा नोंदणी करून घेतली त्यामुळे कागदांचा प्रश्न नाही. ९१ हजार किमी झालेत. कासारवडवली ते ऐरोली ऑफिस, एका बाजूने वीसेक किलोमीटर, माजिवडा, कळवा खाडीपूल, विटावा, दिघा असा रोजचा रस्ता.

प्रॉब्लेम असा की जूनच्या शेवटी विटाव्याला रेल्वे पुलाखाली नेहमीचं पाणी साचलं होतं, सगळे घालत होते म्हणून मीही घातली, पाणी साधारण बंपरच्या खालपर्यंत असेल, गाडी निघाली पण दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ फिरतोय फिरतोय आणि स्टार्टच होईना, झाली तेव्हा नुसती थरथर, रेस दिली की झटके, म्हणजे मिसिंग, दहा-पंधरा मिनिटं चालली की बरी होते. तेव्हापासून पाऊस असला की हेच. ऊन पडलं की शहाणी बाळ.

आणि अ‍ॅव्हरेज. आधी १३-१३.५ मिळायचं शहरात एसी लावून, आता ९ पण कसंबसं.

गॅरेजवाल्याने (नाव नको, जवळचाच आहे) आधी प्लग बदलले, मग एअर फिल्टर, मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) क्लीनिंग केलं. साडेसहा हजार गेले, फरक शून्य. आता म्हणतो ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलंय, जुना मिळवून देतो १८ हजारात. बायको म्हणते तेवढ्यात रिक्षाने वर्षभर जा. काय करू?

---

भंगारात_घाला | सोमवार, रात्री ११:३४

१९ वर्षांची गाडी. माझं नाव वाचा. तेच उत्तर.

---

नेरुळची_निशा | मंगळवार, सकाळी ८:०५

यात शोधायचं काय आहे, ई२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे हे सगळं! माझी वॅगन आर २००९ची, तिचंही अ‍ॅव्हरेज १४ वरून ११ वर आलंय, पंपावर विचारलं तर म्हणे मॅडम सगळीकडे हेच मिळतं. आपल्या गाड्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत आणि आपल्याला कोणी विचारलंही नाही. तुमचीही तीच केस आहे, उगाच पार्ट बदलत बसू नका.

---

रासायनिक | मंगळवार, सकाळी ९:४८

निशाताई, राग समजू शकतो पण हिशोब करून बघू. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे २० टक्के मिसळलं तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी. आणि आधी आपण भरत होतो ते पण शुद्ध नव्हतंच, १० टक्केवालं होतं, त्यामुळे प्रत्यक्ष फरक त्याहूनही कमी. तरी पूर्ण सात टक्के धरा. १३.५ चे १२.५ होतील. ९ नाही होणार. बाकीचे साडेतीन किलोमीटर इथेनॉल खात नाही, गाडीत कुठेतरी बिघाड आहे तो खातोय.

जुने रबरी पाइप, सील यांचं नुकसान हा वेगळा मुद्दा आणि तो खरा आहे. इथेनॉल पाणी ओढतं हेही खरं, गाडी महिना महिना उभी असेल तर त्रास होतो. पण धागाकर्त्याची गाडी ऊन पडलं की सुधारते. टाकीतल्या पेट्रोलला बाहेर ऊन आहे का पाऊस काय कळणार?

---

पाचपाखाडीकर | मंगळवार, सकाळी १०:१५

माझा नेहमीचा प्रश्न. ९ आलं कुठून? काट्यावरून अंदाज की टाकी फुल करून? टाकी फुल, नॉझल पहिल्यांदा कट झाला की थांबायचं, पोऱ्याला "अजून थोडं" करू द्यायचं नाही, ट्रिप मीटर शून्य, आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तेच सगळं. एका भरण्यावर विश्वास ठेवू नका, सलग दोन-तीन घ्या. माझ्याकडे २०११ पासूनच्या प्रत्येक भरण्याची एक्सेल आहे. (हसा.)

---

विटावा_पार | मंगळवार, दुपारी १:३०

@पाचपाखाडीकर, फुल टू फुलच आहे हो, बाबांची सवय, डायरी आहे गाडीत. शेवटची दोन भरणी, २४६ किमीला २७.३ लिटर आणि २३१ ला २६.४.

---

पाचपाखाडीकर | मंगळवार, दुपारी १:४१

९.०१ आणि ८.७५. मान्य. बाबांना नमस्कार सांगा.

---

ग्रीसवाले_काका | मंगळवार, रात्री ९:१०

बाळा, ३८ वर्षं वागळे इस्टेटला गॅरेज चालवलं, आता गुडघे बोलतात म्हणून बंद केलं, मुलगा आयटीत, तुझ्यासारखाच. मोबाइलवर टाइप करतोय, चुका होतील.

ईसीएमला हात लावू नको. ईसीएम पावसात बिघडून उन्हात बरा होत नाही, असं वागतं ते इन्सुलेशन. करंट कुठेतरी गळतोय. तुझ्या गाडीला डिस्ट्रिब्युटर नाही, ठिणगीची वीज बनवणाऱ्या दोन कॉइल आहेत आणि त्यातून चार जाड वायरी प्लगवर जातात. एक कॉइल १ आणि ४ ला, दुसरी २ आणि ३ ला. वायरी कधी बदलल्या? मला वाटतं कधीच नाही. १९ वर्षांचं रबर बॉनेटच्या उष्णतेत कडक होतं, बारीक चिरा पडतात, कोरडं असलं की चालून जातं, दमट हवेत ठिणगी प्लगपर्यंत जायच्या आधीच चिरेतून इंजिनच्या बॉडीवर उडी मारते.

आता कर काय, चारही प्लग काढ. इंजिन पूर्ण थंड असताना, हेड अॅल्युमिनियमचं आहे गरमात काढशील तर आटे जातील. काढलेले प्लग नंबराप्रमाणे वर्तमानपत्रावर ओळीत ठेव आणि फोटो टाक. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर तो सिलिंडर चांगला. सुकी काळी काजळी म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. ओला तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय, तो खर्च मोठा. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन तापतंय.

२ आणि ३ दोन्ही काळे असतील तर कॉइल. एकटाच काळा असेल तर ती वायर, नाहीतर तो प्लग, नाहीतर इंजेक्टर. याच्यापुढे अंदाज नाही, अदलाबदल.

---

दिघा_ते_दादर | मंगळवार, रात्री ९:५५

काकांना +१. एक स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर घ्या, हजाराच्या आत येतो, मोबाइलवर कोड वाचता येतात.

---

विटावा_पार | मंगळवार, रात्री १०:३०

आहे माझ्याकडे, आमच्या गाडीशी बोलतच नाही तो. कनेक्टिंग कनेक्टिंग करत बसतो. मित्राच्या नवीन गाडीला लगेच लागला.

---

ग्रीसवाले_काका | मंगळवार, रात्री १०:५२

तेवढ्या जुन्या गाड्यांना कधी लागतो कधी नाही. डोळे आणि कान वापर, त्यांना पेअरिंग लागत नाही.

---

विटावा_पार | शनिवार, दुपारी ४:२०

प्लग काढले. आयुष्यात पहिल्यांदा. बॉक्स पाना शेजारच्या दादांकडून आणला. १, २, ४ फिक्कट तपकिरी, ३ नंबर कोळसा, बोटाला काजळी लागते, तेलकट नाही. आणि हे नवे प्लग आहेत, जेमतेम पाचशे किमी झालेले!

गॅरेजवाल्याला फोटो पाठवला, त्याचं उत्तर आलं "ईसीएम मुळेच होतं".

---

ग्रीसवाले_काका | शनिवार, संध्याकाळी ६:००

एकटा ३. म्हणजे कॉइल जवळजवळ सुटली. आता २ ची वायर ३ ला आणि ३ ची वायर २ ला लाव. वायर बदलायची, टोकं नाही, म्हणजे कॉइलवरची जागा आणि सिलिंडर तोच राहील फक्त मधला तुकडा बदलेल. लांबी थोडी कमीजास्त आहे पण पुरेल. दोन-तीन दिवस पावसात चालव, परत प्लग बघ. काजळी २ वर गेली तर वायर चोर. ३ वरच राहिली तर इंजेक्टरकडे बघू.

आणि एक, कोणी सांगेल की चालू गाडीत एकेक प्लग वायर उपटून बघ कुठला सिलिंडर मेलाय. आम्ही आयुष्यभर तेच केलं, पण ते जुन्या गाड्यांना. तुझ्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) आहे, ठिणगी बंद केलीस की कच्चं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं आणि कन्व्हर्टर आतून वितळतो, शिवाय कॉइलवर ताण येतो आणि हाताला बसेल तो झटका वेगळाच, वीस हजार व्होल्टच्या वर असतो. बघायचंच असेल तर इंजेक्टरचा प्लॅस्टिक कनेक्टर क्षणभर काढ, ज्याचा काढल्यावर इंजिनला काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच झोपलेला आहे.

---

नेरुळची_निशा | शनिवार, रात्री ८:१२

पण काका एक सिलिंडर मिस झाला तर पॉवर कमी होईल, अ‍ॅव्हरेज इतकं कसं पडेल? पाव इंजिन बंद तर पेट्रोलही पाव कमी जायला नको का? (खरंच विचारतेय, टोमणा नाही.)

---

रासायनिक | शनिवार, रात्री ९:३०

प्रश्न भारी आहे. नाही जात कमी, कारण इंजेक्टरला माहीतच नसतं की ठिणगी पडली नाही, तो आपला पेट्रोल फवारत राहतो आणि ते न जळता बाहेर जातं. बाकीचे तीन सिलिंडर चौथ्याला ओढत नेतात, आपण अॅक्सिलरेटर जास्त दाबतो.

त्याच्यावर कडी म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. जळण झालं नाही की त्या सिलिंडरमधली हवाही तशीच बाहेर येते, ऑक्सिजनसकट. सायलेन्सरमधला सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो, कच्चं पेट्रोल त्याला दिसत नाही. तो कॉम्प्युटरला सांगतो "हवा जास्त आहे, पेट्रोल कमी पडतंय". कॉम्प्युटर बिचारा चारही सिलिंडरचं पेट्रोल वाढवतो. घरात एक जण उपाशी राहिला म्हणून चौघांचं ताट वाढायचं आणि उपाशी तो उपाशीच.

अवांतर, एअर फिल्टर बदलून अ‍ॅव्हरेज वाढतं हे कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं. इंजेक्शनवाल्या गाडीत आत किती हवा येतेय त्याचा हिशोब सेन्सरवरून होतो, फिल्टर तुंबला तर पिकअप जातो, अ‍ॅव्हरेजला फारसं काही होत नाही. बदलावा, पण चमत्कार होणार नाही.

---

भंगारात_घाला | शनिवार, रात्री ९:४४

ताटाचं उदाहरण आवडलं. तरी विका.

---

विटावा_पार | गुरुवार, रात्री १२:०५

ऐका. काजळी २ नंबरवर आली!!! ३ स्वच्छ होत चाललाय.

पण मला डोळ्यांनी बघायचं होतं. काल रात्री साडेअकराला बेसमेंट पार्किंगमध्ये गेलो, आमच्या ओळीतले दोन दिवे बंद केले, बॉनेट उघडून गाडी चालू केली आणि बायकोच्या इस्त्रीच्या स्प्रेने लांबूनच वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. हात लांब, चप्पल रबरी, मागे कोणी नाही. आणि काका काय सांगू, त्या वायरीवर जिथे ती क्लिपमध्ये अडकते तिथून निळी निळी ठिणगी टिक टिक टिक करत कव्हरवर उडतेय, छोटी वीजच, आणि इंजिन लगेच लटपटायला लागलं. मी आनंदाने ओरडलो.

ओरडल्यामुळे वॉचमन आला. अंधारात बॉनेट उघडं, मी स्प्रे घेऊन उभा. त्याला वाटलं गाडी चोरतोय कोणीतरी. मग सेक्रेटरी पायजम्यात खाली. त्यांना पण दाखवली ठिणगी. ते म्हणाले "माझी पण गाडी पावसात त्रास देते, उद्या बघता का". अशा रीतीने मी सोसायटीचा मेकॅनिक झालोय.

आज मल्टिमीटरने वायरींचा रेझिस्टन्स मोजला, तीन वायरी ५ ते ९ किलोओहममध्ये, ही एक ४२. चारचा सेट बदलला, जुनी एकही ठेवली नाही. आज धो धो पाऊस होता, एका सेल्फात स्टार्ट.

---

ग्रीसवाले_काका | गुरुवार, सकाळी ६:४०

शाबास. सकाळी चहा पिताना वाचलं, चहा गोड लागला. नवीन वायरी क्लिपमध्ये नीट बसव, एकमेकींना आणि कव्हरला घासू देऊ नको. छातीत पेसमेकर असलेल्या कोणालाही त्या प्रयोगाजवळ उभं करू नको, सेक्रेटरींना विचारून घे.

---

विटावा_पार | दोन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १२:१५

अपडेट. गाडी मस्त चालते, मिसिंग नाही, झटके नाहीत. पण अ‍ॅव्हरेज २६२ किमीला २३.४ लिटर.

---

पाचपाखाडीकर | रविवार, दुपारी १२:२०

११.२. सुधारलं. पण पोचलं नाही.

---

नेरुळची_निशा | रविवार, दुपारी १२:५०

उरलेलं ई२०. मी काय म्हणत होते.

---

रासायनिक | रविवार, दुपारी २:१०

तरी १२.५ हवं ताई. अजून एक-सव्वा किलोमीटरचा हिशोब लागत नाही. टायर प्रेशर? ब्रेक जाम? टेम्परेचरचा काटा कुठे असतो?

---

विटावा_पार | रविवार, दुपारी ३:३५

टायर चेक केले, २४-२५ निघाले, ३० केले आत्ताच. चाकं गरम नाहीत. काटा म्हणाल तर तो खालीच असतो, सीच्या (कोल्डच्या खुणेच्या) जरा वर. मला ते चांगलंच वाटायचं, गाडी थंड चालते. दोन वर्षांपूर्वी कसारा घाटात तापली होती, त्यानंतर गॅरेजमध्ये फॅनचं काम केलं, तेव्हापासून कधी वर गेलाच नाही काटा.

---

ग्रीसवाले_काका | रविवार, संध्याकाळी ५:००

दोन वर्षांपूर्वी तापली आणि तेव्हापासून काटा वर जात नाही. बाळा, त्याने थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप) काढून टाकलाय. शंभरातल्या नव्वद वेळा हेच असतं.

उद्या सकाळी थंड गाडी चालू कर आणि रेडिएटरला जाणारा वरचा जाड पाइप हाताने चाचपत राहा. थर्मोस्टॅट असेल तर पाइप पहिली काही मिनिटं गार राहतो आणि मग झडप उघडली की एकदम गरम होतो. नसेल तर पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जातो. फॅनपासून हात लांब, तो कधीही सुरू होतो.

झडप ८० ते ९० डिग्रीच्या मधे कुठेतरी उघडते, गाडीप्रमाणे. ती नसली की पाणी सारखं रेडिएटरमधून फिरतं, इंजिन धड गरम होत नाही, त्यात पावसाळा. कॉम्प्युटरला वाटतं आत्ताच सकाळ झालीय, गाडी थंड आहे, पेट्रोल जास्त द्या. कळव्यापासून ऐरोलीपर्यंत सकाळच. सोबत टेम्परेचर सेन्सर पण मोज, थंड असताना दोन-अडीच किलोओहम आणि ८० डिग्रीला तीनशे ओहमच्या आसपास यायला पाहिजे, तोच खोटं बोलत असेल तर नवीन थर्मोस्टॅटही काही करणार नाही.

आणि आता खरं सांगतो. आम्हीही काढायचो. गिऱ्हाईक घाटात तापलेली गाडी घेऊन यायचं, थर्मोस्टॅट अडकलेला असायचा, नवीन आणायला दुकान बंद, काढून टाकला की गाडी तापायची बंद आणि गिऱ्हाईक खूश. कार्ब्युरेटरच्या गाडीला चोक आपण हाताने आत ढकलायचो, तिला कोण विचारणार थंड का गरम. मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि आम्ही तरी काढतच राहिलो, मला स्वतःला कळायला तीन-चार वर्षं लागली. त्या तीन-चार वर्षांत ठाण्यात किती जणांचं पेट्रोल मी जाळलं देव जाणे. तुझ्या गॅरेजवाल्याला त्याबद्दल फार बोलू नको. ईसीएमबद्दल बोल.

---

दिघा_ते_दादर | रविवार, संध्याकाळी ५:२२

काका _/\_

---

विटावा_पार | सोमवार, सकाळी ७:५०

पाइप पहिल्या मिनिटापासून कोमट. हाऊसिंग दुसरीकडे उघडून घेणार, कुलंट सांडतं ते मला झेपणार नाही.

---

विटावा_पार | मंगळवार, रात्री ८:३०

आत काहीच नव्हतं. नुसतं भोक. थर्मोस्टॅट, गॅस्केट, नवीन कुलंट, मजुरी धरून एकवीसशे. सेन्सर ठीक निघाला. काटा आता मध्याच्या जरा खाली येऊन थांबतो आणि मला उगाच भीती वाटते तापतेय म्हणून.

---

विटावा_पार | तीन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री १०:१०

३०५ किमी, २३.२ लिटर.

---

पाचपाखाडीकर | शुक्रवार, रात्री १०:१४

१३.१५! अभिनंदन. पण एक्सेलवाला माणूस म्हणून विचारतो, टायर आणि थर्मोस्टॅट दोन्ही पाठोपाठ केलं, त्यात गणपतीच्या सुट्ट्या, घोडबंदर रोड आठवडाभर मोकळा. मग श्रेय कोणाचं?

---

विटावा_पार | शुक्रवार, रात्री १०:३१

बाप्पाचं. बाकी ऑक्टोबरात परत मोजून सांगतो, मेट्रोच्या कामातून रोज पाऊण तास रांगत गेल्यावर.

---

रासायनिक | शुक्रवार, रात्री १०:४०

१३.१५ माझ्या १२.५ पेक्षा जास्त आहे, म्हणजे सुट्टीचा हात नक्की आहे. १२.५ ला स्थिरावलं तरी गाडी निरोगी समजा.

---

भंगारात_घाला | शुक्रवार, रात्री ११:०२

माझी २०१२ची पण पावसात जरा अडखळते. विटावा साहेब, तो इस्त्रीचा स्प्रे कुठला? (विकणार नाहीये लगेच.)

---

नेरुळची_निशा | रविवार, सकाळी ११:२५

मला पण आता राहवेना. आज सकाळी पाम बीच रोडवर बेलापूर ते वाशी एकसारखी चालवली, शेवटी जवळपास ब्रेक न लावता गाडी हळू होऊ दिली आणि उतरून चारही चाकांजवळ हात नेला. पुढचं डावं चाक तव्यासारखं गरम आहे, उजवं नुसतं कोमट. वॅगन आर न्यूट्रलमध्ये सोडली की पटकन थांबते पण, मला वाटायचं रस्त्याला चढ असेल. पाम बीचला कसला चढ.

---

ग्रीसवाले_काका | रविवार, दुपारी १२:००

निशा, ब्रेक कॅलिपरची (चाकाची डिस्क दाबणाऱ्या भागाची) पिन किंवा पिस्टन अडकलाय. ब्रेक लागलेला ठेवून गाडी चालवतेस तू. लांब जाऊ नकोस, डावं चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवायला सांग, जड फिरलं की कॅलिपर उघडून पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायचं, साधं नाही, साध्याने रबर फुगतं. पॅड एका बाजूने झिजलेलं निघेल, जोडीने बदल. फोटो टाक.